उत्तमरावांचा चेहरा

लाकूड कोरणाऱ्या मशीनच्या बिटचं टोक जेमतेम एक मिलिमीटरचं. उत्तमरावांच्या कपाळावरून ते केसभर सरकत, पुन्हा मागे येत कोरत होतं. जाड बिटने सागवानाच्या फळीतून आधी नुसता उंचसखल आकार काढला होता. डोळे, नाक, मिशा आता यायच्या होत्या. फोटो जुना, काळवंडलेला. कॉम्प्युटर काळं तेवढं खोल धरतो, त्यामुळे मिशीच्या जागी खड्डा पडत होता. कारागीर ओमप्रकाशने दोन दिवस कॉम्प्युटरवर बसून तो बुजवला होता.

सकाळी नऊलाच देवानंद ओमप्रकाशच्या बडनेऱ्यातल्या वर्कशॉपमध्ये शिरला. मागून त्याची म्हातारी आई, सत्यभामाबाई. अकरा वाजता देवानंदच्या बापाच्या, उत्तमरावांच्या नावाच्या सभागृहाचं उद्घाटन होतं. पाहुणे निघाले होते.

"अजून कपाळच?"

"तुमाले दुपारी चारच्या आधी होत नाई म्हून सांगतलं होतं, देवाभाऊ. बारीक बिट आहे, हळूच चालवा लागते."

"जोरात चालव."

"तुटन."

देवानंदने त्याला खांद्याने ढकललं आणि वेगाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. मशीन किंचाळलं. बिट झपाट्याने खाली सरकत नाकाच्या चढावर आदळलं आणि कट्कन मोडलं. उरलेला दांडा तसाच गरगरत गालात घुसला. ओमप्रकाशने लाल बटण दाबलं तोवर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत जळका चर पडला होता.

देवानंदच्या पहिल्या ठोशातच ओमप्रकाशचा ओठ फाटला. दुसऱ्याने तो मशीनवर आडवा झाला. देवानंदने त्याचा उजवा पंजा फळीवर दाबून धरला आणि बिट आवळायचा पाना उचलला.

"माह्या बापाचं तोंड फोडतं?"

पाना पंजावर पडला. पुन्हा पडला. मागच्या खोलीतून ओमप्रकाशची बायको शकुन धावत आली आणि देवानंदच्या हाताला लटकली. त्याने तिला झटकलं, तशी ती भुशाच्या पोत्यांमागच्या भिंतीवर जाऊन आपटली. तिसरा घाव बोटांवरच बसला. ओमप्रकाश खाली घसरला.

"देवा, ठेव ते."

सत्यभामाबाईंनी आवाज चढवला नव्हता. देवानंदने पाना खाली टाकला. छाती भात्यासारखी हलत होती.

म्हातारी ओमप्रकाशजवळ उकिडवी बसली. दोन बोटं वाकडी झाली होती. तिने जमिनीवरच्या कपच्यांतून दोन सपाट पट्ट्या निवडल्या आणि दातांनी पदराची किनार फाडली.

"श्वास धर बाबू. मोठा घे."

त्याने श्वास घेतला, त्याच क्षणी तिने बोटं ओढून सरळ केली. ओमप्रकाशच्या तोंडून हुंदका फुटला. तिने दोन्ही बोटं शेजारीशेजारी ठेवून खालून-वरून पट्ट्या लावल्या आणि किनार गुंडाळत नेली. ना सैल, ना घट्ट. नखं उघडी ठेवली, निळी पडली तर दिसावीत म्हणून.

शकुन भिंतीला धरून उभी राहिली. कपाळावरून रक्त उतरत होतं.

"मावशी, तुमी दवाखान्यात नर्स होत्या काय?"

सत्यभामाबाईंनी गाठ मारली. मशीनवरच्या अर्धवट चेहऱ्याकडे हनुवटीनेच खूण केली.

"नाई व माय. याची बायको होती."