कोरी बाजू

"डावीकडून," रंगारी पुन्हा म्हणाला. "ब्रश डाव्या कडेला टेकवायचा आणि न उचलता उजवीकडे न्यायचा. थांबलात तर डाग पडेल."

मुलांनी माना डोलावल्या. ओल्या कागदांवर निळे ब्रश टेकले ते थेट मध्यावर, आणि तिथून उजवीकडे गेले. सगळ्या वर्गाचं आभाळ अर्धंच भरलं.

बाई गेल्यापासून दुसरीचा चित्रकलेचा तास बंदच होता. नवीन बाई मिळेनात, तेव्हा मुख्याध्यापिकेने बाईंच्या नवऱ्यालाच बोलावलं. तो घरं रंगवायचा. भिंत असो की कागद, रंग ओला आहे तोवरच ऐकतो, एवढं त्याला ठाऊक होतं. शिवाय घर खायला उठत होतं. म्हणून तो आला होता.

पण आज त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उद्या कोर्टात त्याची साक्ष होती. बाईंना धडक देणारा टेम्पोवाला अजून तुरुंगातच होता आणि त्याचं एकच पालुपद होतं: हॉर्न दिला, ब्रेक दाबला, पण बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. टेम्पोवाल्याची बायको तान्ह्या पोराला घेऊन दारात आली, तेव्हा रंगाऱ्याने तिच्या तोंडावर दार लावलं होतं. आपली बायको दोन्हीकडे दोनदा बघितल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकत नसे, हे तो ज्याला त्याला सांगत आला होता. वकील म्हणाला होता, एवढंच ठामपणे सांगा, मग तो सुटत नाही. तिच्यासाठी करण्यासारखं तेवढं एकच काम उरलं होतं.

तो बाकांमधून फिरू लागला. एका जाड्याच्या कागदावरून पाणी थेट चड्डीवर ठिबकत होतं. तुझ्या आभाळाला गळती लागली रे, असं तो म्हणाला आणि मुलं खिदळली. मग त्याची नजर एका कागदावरून दुसऱ्यावर गेली. सगळ्यांची डावी बाजू कोरी होती.

त्याला वाटलं, पोरं थट्टा करताहेत. अर्धी भिंत रंगवून मी मजुरी मागितली तर मालक मला जोड्याने मारेल, असं तो चढ्या आवाजात म्हणाला. पुढच्या बाकावरची चष्मेवाली उठून उभी राहिली.

"बाईंनी असंच शिकवलंय."

बाईंनी अर्धवट काही शिकवणं शक्य नाही, तो म्हणाला. घरात एक कोपरा फिका राहिला तरी ती त्याला पुन्हा शिडीवर चढवायची. मुलीने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे बाईंचं शेवटचं चित्र लावलेलं होतं. आल्यापासून त्याने तिकडे बघायचं टाळलं होतं. आता बघितलं. घर, झाड, कुंपण, सगळं उजवीकडे दाटीवाटीने उभं होतं. डावीकडे नुसता पांढरा कागद होता.

"आधी बाई पूर्ण काढायच्या," मुलगी म्हणाली. "मग असं काढायला लागल्या. मी म्हटलं, बाई, ही बाजू राहिली. तर म्हणाल्या, कुठे राहिलीये? झालं की पूर्ण. मग आम्हीपण तसंच काढायला लागलो."

रंगारी जाड्याच्या बाकाशी टेकला. शेवटी शेवटी तिच्या ताटात अर्धा भात तसाच राहायचा. भूक मेली का तुझी, असं तो टोमण्याने विचारायचा. सगळं संपवलं की, असं ती म्हणायची. एकदा त्याने चिडून ताट तिच्यापुढे गर्रकन फिरवलं होतं. तेव्हा ती दचकली, हे कधी वाढलंस म्हणाली आणि उरलेलं मुकाट्याने जेवली. तिला आपली गंमत करायची असेल, असं वाटून तो हसला होता.

मुलगी अजून उभीच होती. "मग काका, आता आम्ही कुठून सुरू करू?"

हातातल्या ब्रशचा निळा रंग त्याच्या चपलेवर ठिबकत राहिला.

टेम्पो तिच्या डावीकडून आला होता.