दुसऱ्या फोनची बॅटरी

"वन्सं, अख्खी दुपार फोन लावत होतो आम्ही. अण्णा शेवटपर्यंत तुमचंच नाव घेत होते," वहिनी म्हणाल्या. तेराव्याला जमलेल्या बायका वळून बघू लागल्या.

हेरंबच्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "माझंच चुकलं हो. फोन चार्जिंगला लावायचंही भान राहत नाही हल्ली. सख्ख्या भावाशी शेवटचं बोलता आलं नाही."

चहाचा ट्रे घेऊन आलेला हेरंब दारातच थांबला. आपला जावई सगळं घरच्या घरी दुरुस्त करतो, असं त्या गावभर कौतुकानं सांगायच्या. त्या कौतुकाला जागायचं म्हणूनच त्यानं त्यांच्या फोनची खराब झालेली बॅटरी काढून आपल्या जुन्या, दुसऱ्याच मॉडेलच्या फोनमधली बसवली होती. झाकण नीट लागेना, तर टेप चिकटवली. मग निम्मी बॅटरी दिसत असतानाच फोन बंद पडू लागला. त्यांनी सांगून पाहिलं, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "आई, तुम्हीच चार्जिंगला लावायला विसरत असाल."

त्यानं ट्रे खाली ठेवला. "आई, चूक तुमची नव्हती. मी बसवलेली बॅटरी त्या फोनची नव्हतीच. मला ठाऊक होतं, तरी बोललो नाही."

सासूबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. आता त्या चार शब्द सुनावतील, तर बरं होईल, असं त्याला वाटलं.

"म्हणजे मी लावला होता ना चार्जिंगला?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," म्हणताना त्याची मान वर झाली नाही.