न घाबरता गायचं कसं?

"डोळे मिटा, खोल श्वास घ्या, समोरची माणसं म्हणजे ज्वारीची कणसं समजा!" अंबाजोगाईहून आलेले प्रशिक्षक उमापूरच्या भजनी मंडळातल्या पोरींना सकाळपासून आत्मविश्वास शिकवत होते. आरोहीनं तिचं पद महिनाभर घोटलं होतं, तरी माईक हातात आला की तिचा आवाज कापायचाच.

शिबिराच्या सकाळच्या उद्घाटनाला दुपारी तालुक्यातल्या निम्म्या समित्यांचे अध्यक्ष विजयसिंह भाऊ आले. कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर त्यांनीही एक पद म्हटलं. सूर एकीकडं, तबला दुसरीकडं. दुसरी ओळ आठवेना म्हणून पहिलीच पुन्हा पुन्हा म्हटली, मधेच फोन आला तो घेतला, बोलणं झाल्यावर परत गायला लागले.

टाळ्या थांबता थांबेनात. सगळ्यात जोरात प्रशिक्षकांच्या.

"मावशी, ह्यांना जराबी भ्या कावून वाटत न्हाई?" आरोहीनं पेटी वाजवणाऱ्या छबुबाईंना हळूच विचारलं.

छबुबाईंनी पेटीचा भाता मिटला.



"त्यांच्याकडं पद हाय, माय. आपल्याला ते नुसतं गाता येतं."