मंगळवारचं मौन

"मौनात नुसती मान हलवलीस तरी तो शब्दच असतो, सुंदरा. जपून हलव."

आईचं हे जुनं सांगणं सुंदरम्माला नेमकं आत्ता आठवलं. समोर तिची सून बसली होती आणि म्हणत होती, "कुणाला सांगणार न्हाई म्हणा, आत्या. बोलू नका, नुसती मान हलवा."

सोमवार होता. सिद्धेश्वराला बेल वाहून आलं की सांजवातीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा सुंदरम्माचा लग्नापासूनचा नेम. बाकीचे दिवस मात्र ती दुसऱ्याला बोलू द्यायची नाही. तिचा मुलगा मल्लिनाथ म्हणायचा, "सोमवारी आमच्या घरात रविवार असतो."

रुद्राणीला बाळंत होऊन अजून महिना झाला नव्हता. दुधनीला तिचं माहेर होतं, पण आई नव्हती. म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं, भवानी पेठेत. सुंदरम्मानं काही कमी केलं नव्हतं. शेपूची भाजी, डिंकाचे लाडू, अंगाला तेल, शेकायला शेगडी. "कानाला बांध. गार पाण्यात हात घालू नको. लाडू संपव की गं." रुद्राणी कानाला बांधायची. लाडू संपवायची. स्वतःहून कधी काही बोलायची नाही.

आज बाळाला न्हाऊ घालून, धुरी देऊन सुंदरम्मा त्याला पायांवर घेऊन बसली होती. मल्लिनाथ कामावर गेला होता. मागच्या गल्लीतले माग खडखडत होते. रुद्राणी आली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"तुमी आज बोलणार न्हाई, म्हणून सांगते. लोक येतात, बाळ लई गोड हाय म्हणतात. मला कायच वाटत न्हाई. दूध येतंय, आत्या. माया येत न्हाई." ती गाऊनच्या बाहीशी चाळा करत राहिली. "ते रडायला लागलं की वाटतं, स्टेशनवर जावं, लागली असेल त्या गाडीत बसावं, कुठं चालली म्हणून इचारू पण नये. मग माझीच मला भीती वाटते. मी वाईट हाय की?"

अगं, असं अभद्र बोलू नये, देवानं पदरात घातलेलं लेकरू ते, हे सुंदरम्माच्या अगदी ओठांपर्यंत आलं. मंगळवार असता तर ती बोलून मोकळी झाली असती, आणि रुद्राणी मुकाट्यानं कानाला बांधून आत जाऊन पडली असती. आज शब्द गिळावा लागला. तो गिळल्यावर मग तिला सुनेचा चेहरा दिसला. एवढे लाडू खाऊनही गाल बसले होते. डोळे कितीतरी दिवसांचे जागे होते.

कुणाला सांगणार नाही, अशी तिनं मान हलवली. रुद्राणी गुडघ्यांत तोंड घालून रडली. सुंदरम्मा बाळाला थोपटत बसून राहिली.

सांजवात लागली आणि नेम सुटला. पण जीभ मोकळी होऊनही उपयोग नव्हता. मल्लिनाथला सांगावं, तर दिलेला शब्द मोडतो. न सांगावं, तर ही पोर खरंच उठून स्टेशनवर गेली म्हणजे? दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बाळाइतकंच आईकडंही बघा. तिचं मन उदास राहिलं तर घेऊन या, त्यावर उपाय असतो." तेव्हा सुंदरम्मा बाळाचं टोपडं शोधत होती.

"आई, मौन सुटलं की. अजून गप्प?" जेवताना मल्लिनाथनं विचारलं.

तिनं त्याच्या ताटात शेंगाचटणी वाढली. त्या दिवशी देवापुढं बसूनही तिनं काही मागितलं नाही. नुसती बसली.

सकाळी सासू खोलीत येताना दिसली आणि रुद्राणीचा चेहरा मिटला. मंगळवार उजाडला होता. आता सगळं ऐकून घ्यावं लागणार होतं.

सुंदरम्मा तिच्या शेजारी खाटेवर बसली. "मी कुणाला सांगणार न्हाई. शब्द दिलाय. पण डॉक्टरीणबाईंना तू सांग. मी जवळ बसते. तोंड उघडत न्हाई."

"तुमी? मंगळवारी?"

"व्हय. मंगळवारी."

"आणि त्या हसल्या तर?"

"मग मात्र मौन तितंच मोडीन. रविवारपर्यंत बोलीन त्यांना."

रुद्राणीला हसू आलं. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच. आलं तसं गेलं, पण आलं होतं.

त्या बाहेर पडल्या तेव्हा मल्लिनाथ दारात मोटरसायकल पुसत होता. आईच्या हातात बाळ बघून तो दचकला. "कुठं निघालात? बाळाला काय झालं?"

सुंदरम्मा बोलली नाही.

"आई, आज मंगळवार हाय! बोल की."

तो आईकडं बघत होता. आई सुनेकडं बघत होती.

"बाळ बरं हाय," रुद्राणी म्हणाली. "मला बरं न्हाई."

मल्लिनाथच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. सुंदरम्मानं बाळाला खांद्यावर घेतलं, सुनेला पुढं होऊ दिलं, आणि एक पाऊल मागं राहून, न बोलता, दवाखान्याच्या रस्त्याला लागली.