भुंडे हात

माझ्या थोरलीला लग्नाची मेंदी लागत होती, आणि धाकटी शलाका भुंडे हात घेऊन बसली होती. एमएस्सीच्या उन्हाळी सुट्टीत ती अवकाश प्रयोगशाळेत काम करते. अकोटहून आलेल्या विहीणबाईंनी कोन पुढे केला. “करवली अन् मेंदी नाही? आमचं काही चुकलं काय पोरी?” विहीण रुसली तर काय होतं, हे अमरावतीत सांगावं लागत नाही. शलाका म्हणाली, “मावशी, उपग्रहावरच्या दुर्बिणीचा आरसा साफ करतो आमी. हाताले रंग दिसला तरी आत घेत नाहीत.” “मंग आरसा वर गेल्यावर पुसजा.” “तिथं पुसाले कोण जाते? कण राहिला तं कायमचा राहिला.” बायका हसल्या. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. “पाय तं बुटात असतात ना?” म्हणत मुलाकडच्या त्या मानाच्या बाई कोनासकट माझ्या पोरीच्या पायाशी मांडी घालून बसल्या.