गणपतचं जेवण

चंद्रावतीने पहाटेपासून खपून शिरवाळे केले. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे साच्यात दाबताना तिने सुनेला हातसुद्धा लावू दिला नाही. नारळाचा रस काढला, त्यात गूळ आणि वेलची घातली, आणि ओटीवर बसलेल्या मुलाला हाक मारली.

"गणपता, ये रे बाबा. पान वाढलंय."

गणपत भिंतीचा आधार घेत उठला. जुना सदरा त्याच्या खांद्यांवरून लोंबत होता. आदल्या दिवशी मालवणला तो एस.टी.तून उतरला, तेव्हा चंद्रावती त्याच्या शेजारून पुढे गेली होती आणि उतरणाऱ्या माणसांत त्यालाच शोधत राहिली होती. "आये" म्हणून त्याने हाक मारली तेव्हा ती वळली.

देवबागच्या किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं ओढायला गाव दोरीला लागायचा, तेव्हा सगळ्यांत शेवटी गणपत उभा असायचा. तो पाय रोवून मागे रेलला की दोरी समुद्राकडे सरकत नसे. पोटातलं दुखणं त्याने बरीच वर्षं खायचा सोडा पिऊन दाबलं. शेवटी एका सकाळी किनाऱ्यावरच त्याला रक्ताची उलटी झाली.

घाटावरच्या इस्पितळात डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, आनंदीला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोटाचा अर्ध्याहून जास्त भाग काढावा लागेल. माणूस वाचेल. पण पूर्वीसारखं जेवता येणार नाही. थोडं थोडं, पुष्कळदा द्यायचं. वाळेल तो. गोड तर देऊच नका. घाम फुटेल, छाती धडधडेल. झालंच तसं, तर निजवून ठेवायचं. घाबरायचं नाही."

आनंदीने मान हलवली होती. तेव्हा तिला 'माणूस वाचेल' एवढंच ऐकू आलं होतं. बाकीचं आता आठवत होतं.

"आये," ती हळूच सासूला म्हणाली, "डाक्टरान गोड देव नको म्हणान सांगल्यान हा."

"डाक्टराक काय म्हायत?" चंद्रावती पानात रस ओतत म्हणाली. "तेणा कधी माज्या झिलाक जेवताना बघल्यान हा? अर्दो झालो तो. खाल्ल्याशिवाय अंगार मास येतला खयसून?"

आनंदीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नको म्हणावं, म्हणून ती वाट पाहत राहिली.

गणपत पानाकडे बघत होता. वेलचीच्या वासाने त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. इस्पितळात पेजेशिवाय काही पोटात गेलं नव्हतं. भूक गेली नव्हती, ती ठेवायची जागा गेली होती. आणि समोर आई पंखा घेऊन बसली होती.

पहिला घास त्याने डोळे मिटून खाल्ला. मग दुसरा. चंद्रावतीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"बघ," ती सुनेला म्हणाली.

थोडं खाल्ल्यावर गणपतचा हात थांबला. छातीपर्यंत काहीतरी भरून आल्यासारखं वाटत होतं. चंद्रावतीने पळीभर रस आणखी वाढला.

"माज्यासाठी खा."

तोही त्याने खाल्ला.

हात धुऊन तो ओटीवर आला आणि खाली बसला. कपाळावर घाम आला, मग मान भिजली, मग सदरा पाठीला चिकटला.

"काय झाला रे? खंय दुखता?"

"दुखणा नाय. धडधडता. जरा आडवो पडतंय."

आनंदीने त्याला निजवलं, डोक्याखाली उशी दिली. सदऱ्याखाली काळीज उडताना दिसत होतं. चंद्रावती आत धावली. मीठ-मोहरी मुठीत घेऊन आली, मुलाची दृष्ट काढून ती चुलीत टाकली. परत येऊन पाहिलं तर तो तसाच घामाने निथळत होता. चेहरा पांढराफटक पडला होता. ती पुन्हा आत गेली, आणि आत आपण कशासाठी आलो हे न समजून चुलीपुढे उभी राहिली.

ती बाहेर आली तेव्हा आनंदी नवऱ्याचं कपाळ पुसत होती.

"ह्या होतला म्हणान सांगल्यान हुता," आनंदी म्हणाली. "निजान रवले की बरा वाटतला."

"तुका म्हायत हुता?"

"होय."

"मगे माका अडवलंस कित्याक नाय?"

आनंदीने फडकं पिळलं. तिने अडवलं होतं.

बऱ्याच वेळाने घाम ओसरला. गणपतने डोळे उघडले. आई पायाशी बसलेली दिसली.

"आये, तुजी चूक नाय."

"मगे कोणाची?" तिने विचारलं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. त्याने पुन्हा डोळे मिटले.

ऊन उतरलं. आनंदीने तांदळाची मऊ पेज केली, चिमूटभर मीठ घातलं, आणि वाटी आणून सासूच्या हातात दिली.

"तुमीच भरवा."

चंद्रावतीने वाटीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. तिचा हात पुढे होईना. मग तिने अर्धा चमचा पेज घेतली, फुंकर घातली, आणि मुलाच्या तोंडाला लावली. त्याने सावकाश गिळली. ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. काही झालं नाही.

तिने दुसरा चमचा उचलला.

"पुरो, आये."

चमचा थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग तिने तो आपल्याच तोंडात घातला.