न फुटलेली तबकडी

नेमबाजीच्या स्पर्धेतली शेवटची तबकडी. फुटली तर कप थोरलीचा, नाही तर दरवर्षीप्रमाणे बेकरीवाल्याचा. घरी कपासाठी फळीवर जागासुद्धा करून झाली होती. थोरलीने घाईघाईने जाकिटाच्या खिशात हात घातला, न बघताच काडतूस बंदुकीत सारलं आणि ओरडली, "सोड!"

यंत्रातून मातीची तबकडी आभाळात उडाली. तिने चाप ओढला. खट्! बार उडालाच नाही.

तिने दुनळी बंदूक उघडली. काडतुसाची जागा रिकामी! घाईगडबडीत भरायलाच विसरले की काय? तिचं तिलाच हसू आलं. पंचांनी आणखी एक तबकडी देऊ केली.

"बाई, काडतूस घातल्याशिवाय वाजत नाही हो ती!" बेकरीवाला म्हणाला. थोरलीने पटकन आपलं लाल काडतूस काढलं.

"ताई, आधी आभाळ बघ!" कठड्यामागून धाकटी बहीण किंचाळली.

नळीतून आभाळ दिसल्याशिवाय काडतूस भरायचं नाही, हा थोरलीचाच नियम. तो सांगून सांगून तिने धाकटीला भंडावून सोडलं होतं. आणि आता ही अख्ख्या मैदानासमोर मला शिकवणार! केवळ तिचं तोंड बंद करायला थोरलीने उघडी बंदूक वर धरली.

एका नळीत निळं आभाळ. दुसरीत काळोख.

पंचांनी गज घालून हळूच ढकललं, तसं पिवळं काडतूस बाहेर पडलं. धाकटीच्या अरुंद नळीच्या, वीस बोअरच्या बंदुकीचं! सकाळी तिचा सराव घेताना थोरलीने ती काडतुसं आपल्याच खिशात टाकली होती. बारा बोअरच्या रुंद नळीत ते बारीक काडतूस सरकून अडकलं होतं. त्याच्यामागे लाल भरून बार काढला असता, तर नळी तिच्या तोंडापाशी फुटली असती.

बेकरीवाल्याचं हसू कुठल्या कुठे पळालं. "बाई, बसा जरा."

"बसतेय कसली!" थोरलीच्या अंगात वारं शिरलं होतं. डोळे भरले होते आणि हसू काही केल्या थांबत नव्हतं. तिने दोन्ही नळ्यांतून आभाळ बघून घेतलं, लाल काडतूस भरलं. "सोड!"

नेम साफ हुकला. तबकडी डौलात तरंगत जाऊन गवतात पडली. कप बेकरीवाल्याकडे गेला.

धाकटीने धावत जाऊन ती तबकडी उचलून आणली. साधा टवकाही उडाला नव्हता. थोरलीने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"फळीवर ठेवू हिला," ती म्हणाली. "आणि पुसताना जपून हं. फुटायला नको."